दिवसातून एकदा

ऑगस्टात सलोनी नर्सिंग शिकायला सावंतवाडीच्या हॉस्टेलवर गेली आणि तिचे दोन ससे, चिनू आणि मिनू, वालावलच्या घरी आईच्या गळ्यात पडले. जाताना तिने वहीच्या कागदावर सगळं लिहून दिलं होतं. सकाळी सुकं गवत, दुपारी जास्वंदीचा पाला नाहीतर रताळ्याचे वेल, पाणी दोनदा बदलायचं, ओला चारा घालायचा नाही, पिंजऱ्याखालचा कागद रोज काढायचा. शेवटी लिहिलं होतं, रोज थोडा वेळ त्यांच्याशी बोल. विनीताने कागद फ्रिजवर चिकटवला आणि बाकीचं सगळं नेमाने केलं, शेवटची ओळ तेवढी सोडून. माणसांशी बोलून झाल्यावर तिच्यात सशांशी बोलण्याएवढं काही उरत नसे.

विनीता गावातल्या अंगणवाडीची सेविका. नवरा सुदेश गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये, पंधरा दिवसांनी एक रविवार घरी. आणि घरात सासू, काशीबाई. जुलैत अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं. पण परत पडू ही धास्ती काशीबाईंच्या मनात अशी बसली, की त्यांनी खाट म्हणून सोडली नाही. वॉकर भिंतीला टेकून होता, त्याच्यावर टॉवेल वाळत असत.

विनीता पाचला उठायची. सासूचं आवरायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, पेज भरवायची, मग सशांचा कागद, सशांचं गवत. नऊला अंगणवाडी. तिथे चौदा पोरं, त्यांची वजनं, त्यांचा खाऊ आणि ते सगळं मोबाइलमध्ये भरणं. अकराला एकदा धावत घरी येऊन सासूला बघून जायचं. शेजारच्या परशुरामाची बायको मधे डोकवायची, पण ती बिचारी तरी किती डोकवणार. दीडला घरी आलं की, "विनीता गो," अशी हाक सुरू व्हायची ती रात्री डोळा लागेपर्यंत. पाणी हवं. उशी सरकली. पंखा वाढव. पंखा कमी कर. दारात कोण आलं होतं? हाक आली की हातातलं काम अर्धं टाकायचं. पुरं झालेलं असं विनीताच्या दिवसात काही नसायचंच. आपण थकलो आहोत हेही आता तिला जाणवत नसे. ओलं कापड अंगावरच वाळावं तसा तो थकवा अंगावर राहून गेला होता.

ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली आणि उकाडा वाढला. ससे पिंजऱ्यात पाय पसरून पडून राहायचे. विनीता पडवीतल्या पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकायची. एका सकाळी गोणपाट काढलं तर चिनू स्वतःच्याच छातीचे केस तोंडाने उपटत होती. कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा ढीग झाला होता. आता हिला काही रोग झाला तर सलोनीला काय सांगायचं?

विनीता खोलीत आली तेव्हा काशीबाई जाग्याच होत्या.

"काय झाला? तोंड असा कित्या?"

"चिनूक काय तरी झाला हा. अंगाचे केस काढता."

काशीबाईंनी जन्मभर गुरं-कोंबड्या केलेल्या. त्यांनी विचारलं, "काढता आणि टाकता, की काढता आणि रचता?"

विनीता परत जाऊन बघून आली. "रचता."

"मग रोग नाय आणि काय नाय. ती आज-उद्या व्यातली. पेटी दी तिका."

"पण दुकानदारान दोनव माद्यो म्हणून दिलेल्यान ना?"

"दुकानदाराक काय," काशीबाई म्हणाल्या. "तुझो मिनू बोको निघालो."

किती दिवसांनी त्या हसल्या. विनीताला हसू आलं नाही. आंब्याची रिकामी पेटी आणून तिच्यात गवत घालून तिने ती पिंजऱ्यात ठेवली आणि अंगणवाडीला उशीर झाला म्हणून चहा न घेताच निघाली.

दुसऱ्या दिवशी पेटीत पाच पिल्लं होती. अंगठ्याएवढी, उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. केसांच्या ढिगाखाली एकमेकांना चिकटून हलत होती. आणि चिनू पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती, जणू पेटीशी तिचा काही संबंधच नाही. विनीताने दुपारी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. चिनू पिल्लांकडे फिरकली नाही. विनीताने तिला उचलून पेटीत ठेवलं, तर उडी मारून बाहेर.

सलोनीचा फोन लागला तेव्हा ती मेसमध्ये होती.

"अगो आई, मग तू पाज ना. ड्रॉपरने. थोडं थोडं, दर दोन तासांनी. मी व्हिडिओ पाठवते."

"दर दोन तासांनी?"

"लहान आहेत ती. मरतील नाहीतर."

विनीताने फोन ठेवला. काशीबाईंच्या औषधाचा जुना ड्रॉपर उकळून घेतला, गाईच्या दुधात पाणी घातलं आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन पाजायला बसली. पिल्लं तोंड उघडत नव्हती. दूध नाकावर यायचं, ते पुसायचं, परत थेंब सोडायचा. मधेच खाटेवरून हाक. पिल्लू परत पेटीत, हात धू, सासूला पाणी दे, परत पिल्लू. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी एका पिल्लाने नाकातून दुधाचा बुडबुडा काढला, पाय ताणले आणि तिच्या हातातच ते थांबलं.

मग माडाच्या मुळाशी माती उकरून तिने ते पुरलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. माती सारखी करताना एवढंच मनात आलं, की आता दर दोन तासांनी चारच. आणि हे मनात आल्याची तिला लाज वाटली.

परशुरामाकडे तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर होता. आकांक्षा तिचं नाव, तरुण मुलगी. विनीताने काशीबाईंच्या खाटेवर बसूनच फोन लावला. एका हाताने सासूचा पाय चोळत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. झालं ते सगळं तिने सांगितलं, मेलेल्या पिल्लाचंही.

"गाईचं दूध बंद करा आधी," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ते पिल्लू बहुतेक दूध फुप्फुसात जाऊन गेलं असणार. तुमचा दोष नाही, सगळे हेच करतात. ताई, सशीण पिल्लांजवळ बसत नाही. दिवसातून एकदा पाजते, फार तर दोनदा. पहाटेच्या सुमारास. पाच मिनिटं, संपलं."

"दिवसातून एकदाच?"

"एकदाच. बाकी वेळ ती मुद्दाम लांब राहते, पिल्लांचा पत्ता कोल्ह्या-कुत्र्याला लागू नये म्हणून. ती टाकून देत नाही त्यांना. सकाळी पोटं बघा. गोल असतील तर दूध मिळालंय. सुरकुतलेली दिसली तर मला फोन करा. आणि नर आजच्या आज वेगळा काढा, नाहीतर महिन्याभरात परत पाच."

विनीताने मिनूला कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काळोखातच ती पडवीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. दिवा लावला नाही. थोडं फटफटल्यावर चिनू उठली, अंग झाडलं, पेटीत शिरली आणि पिल्लांवर चार पाय रोवून नुसती उभी राहिली. खाली चुळबुळ झाली. चिनू भिंतीकडे बघत होती. मग एकाएकी उडी मारून बाहेर आली आणि गवत खायला लागली. मागे वळून पाहिलंही नाही. विनीताने जवळ जाऊन पेटीत हात घातला. चारही पोटं टम्म होती.

ती तिथेच पायरीवर बसली. तिला त्या सशिणीचा हेवा वाटला. एवढंसं जनावर, पण आपलं काम करून सरळ बाजूला जाऊन बसतं, आणि कोणी त्याला हाक मारत नाही.

आत येऊन तिने सासूला सांगितलं, "खराच, आई. पाच मिनटांत पाजल्यान आणि गेली."

"बरा आसा तिचा," काशीबाई म्हणाल्या आणि छताकडे बघत राहिल्या.

तो शनिवार होता. अंगणवाडीतून ती आली, जेवण उरकलं, सासूला भरवलं आणि भांडी घासायच्या आधी जरा पाठ टेकावी म्हणून स्वयंपाकघरात चटईवर आडवी झाली. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. घड्याळात साडेपाच. अडीच तास. जुलैपासून ती दिवसा एवढी झोपली नव्हती. घर अगदी गप्प होतं. आणि त्या शांततेनेच ती दचकून उठली.

काशीबाई उताण्या पडल्या होत्या, डोळे उघडे. ओठ सुकून पांढरे झाले होते. पंखा बंद होता, लाइट कधी गेली होती कोण जाणे, घामाने उशी भिजली होती. चादर खाली ओली होती आणि त्या ओल्यातच त्या बराच वेळ होत्या, हे वासावरून कळत होतं.

"आई! हाक कित्या नाय मारलास?"

"तू झोपलेलंस."

"म्हणून काय झाला? उठवूचा नाय माका?"

काशीबाईंनी जीभ ओठावरून फिरवली. "ती डॉक्टरीण काय म्हणाली? दिसाक एकदा बघल्यान तरी पिल्ला जगतत. मी तर केवढी म्हातारी. माका पण एकदाच बघ तू. सकाळी येऊन काय ता कर आणि जा. मी नाय हाक मारूचंय."

विनीताला एकदम राग आला. इतका की हातातलं पाण्याचं भांडं आपटावं असं वाटलं. "तुमी काय ससो आसास?" ती म्हणाली. तिने सासूच्या मानेखाली हात घालून त्यांना पाणी पाजलं. चादर ओढून काढली. पाठ पुसताना कंबरेच्या खाली पडून पडून लाल झालेली जागा दिसली. हात न थांबवता ती पुसत राहिली आणि आता मात्र डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाकाच्या शेंड्यावरून काशीबाईंच्या पाठीवर पडायला लागलं.

"रडतंस कित्या?" काशीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तुका झोपलेली बघून माका बरा वाटला. खरा सांगतंय."

सगळं आवरून विनीता अंगणात गेली आणि सुदेशला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सीझन सुरू झालो आसा विनीता. आता सुट्टी मागली तर घरीच बस म्हणतले. दिवाळी झाली की बघूया."

"बरां," ती म्हणाली.

मग तिने दीपिकाचा नंबर काढला. दीपिका ही सुदेशची बहीण, वैभववाडीला दिलेली. ऑपरेशन झाल्यावर दोनदा फळं घेऊन येऊन गेली होती. तिला बोलवावं असं विनीताच्या मनात कितीदा आलं होतं आणि कितीदा तिने ते गिळलं होतं. सून असून म्हातारीला सांभाळवत नाही, असं उद्या कोणी म्हणायला नको. आज ते सगळं आठवण्याएवढीही ताकद अंगात नव्हती.

"दीपिका, माका जमणा नाय," तिने सांगितलं. "आईक बघूक माका एकटीक जमणा नाय. तू ये."

विनीताला वाटलं, आता विचारेल की का जमत नाही. तशी तिने उत्तरंही जुळवली. पण दीपिका म्हणाली, "आदी कित्या नाय सांगलंस?" आणि मग, "सोमवारच्या गाडीन येतंय. दिवाळीपर्यंत रवतंय. माझी पोरा बघतली आपला आपण."

सोमवारी दीपिका आली. आल्या आल्या तिला पडवीत सशांचा वास आला आणि तिने पदर नाकाला लावला. "ह्या काय घरात ठेवलंस?" मग आत गेली. वॉकरवरचे टॉवेल काढून तिने ते दोरीवर टाकले आणि आईपुढे वॉकर उभा केला. कंबरेखालची लाल जागा बघून तिचं तोंड कडक झालं होतं, पण त्याबद्दल ती विनीताला एका शब्दाने बोलली नाही. आईला मात्र बोलली. पुढचे दोन दिवस मायलेकींचं भांडण अर्ध्या वाडीला ऐकू जात होतं. काशीबाई ओरडायच्या, रडायच्या, मुलीला नाही नाही ते बोलायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेपासून दारापर्यंत गेल्या. पाच पावलं. दारात पोचून त्यांनी विनीताला शिवी दिली, हिला कशाला बोलावलंस म्हणून.

पिल्लांना आता लव आली होती. सलोनीने हॉस्टेलवरून कळवलं, की दोन मुली दोन पिल्लं नेतील, उरलेल्या दोघांचं दिवाळीत आल्यावर बघू. विनीता बरं म्हणाली. दीपिका दिवाळीनंतर जाणार होती, आणि तेव्हा काय, हे काही ठरलेलं नव्हतं. आपणही विचारलेलं नाही, हे विनीताच्या ध्यानात होतं.

त्या दिवशी अंगणवाडीला निघायच्या आधी ती सशांचा कागद बदलून आत आली, तर दीपिकाने पेज वाढून ठेवली होती. वाफ येत होती, बाजूला सुंगटांची, सुक्या कोळंबीची चटणी. खोलीतून काशीबाईंची हाक आली, "विनीता गो."

विनीता उठायला लागली.

"तू बस," दीपिका म्हणाली. "मी बघतंय. गरम आसा तोपर्यंत खा."

ती आत गेली. विनीता परत पाटावर टेकली. पेज इतकी गरम होती की पहिल्या घोटालाच जीभ भाजली. रोज निवलेली पेज पिऊन गरम पेज फुंकून प्यायची तिची सवयच मोडली होती. तिने भांडं खाली ठेवलं, जरा थांबली आणि फुंकर घालत सावकाश खायला लागली.