लाल टोपणाचं नळकांडं

नंदकुमार सर खोटं बोलत होते, आणि ते दाखवून द्यायला प्रियंकाकडे एकच अर्धं नळकांडं उरलं होतं.

राजस्थानातल्या वाळवंटातलं खारं तळं. पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. येतं तेवढं उन्हात आटतं आणि मीठ तळाशी बसतं. तळात नळी खोल ठोकून तिथल्या गाळाचं हे नळकांडं सरांनी स्वतः काढलं. लाल टोपण वरच्या टोकाला लावायचं असतं. दुपारच्या उन्हात त्यांनी ते चुकून खालच्या टोकाला लावलं, त्यामुळे खालचे जुने थर नवे ठरले आणि वरचे नवे जुने. कांजूरमार्गच्या प्रयोगशाळेत नळकांडं उभं चिरलं; एक अर्धा भाग तपासण्यांत विरघळून संपला, दुसरा शीतखोलीत सीलबंद राहिला. तळं आधी भरलेलं होतं, मग आटलं, असा सरांचा निबंध छापून आला. खरं तर नेमकं उलटं घडलं होतं.

तळाशी मिठाचे खडे टोक वर करून वाढतात. संपलेल्या भागाच्या शेवटच्या चकतीत ती टोकं लाल टोपणाकडे पाठ करून होती, म्हणजे टोपण खालच्या बाजूला होतं. प्रियंकाने हे सरांना भोळेपणाने सांगितलं. पंधरा दिवसांत त्यांनी तिच्यावरच खोट्या नोंदींचा ठपका ठेवला. पाच वर्षांची पीएचडी पाण्यात जाणार होती. आज तीन वाजता चौकशी समितीसमोर ती सीलबंद भाग उघडणार होती.

अडीचला ती शीतखोलीत गेली, तर सर आत हातोडा घेऊन उभे.

"घरी जा प्रियंका. तुझं मी नंतर बघतो."

"बाजूला व्हा, सर."

तिने सीलबंद अर्धं नळकांडं उचललं आणि ती दाराकडे धावली. चौकटीवर तिचा हात होता, तरी सरांनी दार आपटलं. बोटांची हाडं मोडलेली तिने स्वतः ऐकली. मग हातोडा खांद्यावर बसला. याच माणसाला पाच वर्षं सर, सर करत आले, या विचाराने तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"वाट लावलीत ना माझी?" म्हणत तिने दुसऱ्या हातात होतं ते त्यांच्या डोक्यात घातलं. एकदा नाही, तीनदा.

सर कोसळले. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. समितीच्या शर्मिष्ठा मॅडम आवाजाने धावत आल्या आणि दारातच थांबल्या.

"नमुना कुठाय?"

तो फरशीभर होता, सरांच्या केसांत होता, रक्तात कालवलेला होता. सर भिंतीला टेकून कसेबसे बसले.

"दाखव आता," ते म्हणाले, "वर कुठलं ते."

प्रियंका गुडघ्यांवर बसली आणि मोडक्या बोटांनी मिठाचे खडे वेचून, एकेकाचं टोक वर करून मांडू लागली.