भुट्ट्याच्या किसाची आवृत्ती

माझ्याकडे डेटा ॲनालिसिसचं सर्टिफिकेट होतं, आणि अक्कलही भरपूर आहे असा माझा समज होता. इंदूरच्या पलासियातल्या आमच्या ऑफिसात शाळेच्या बसगाड्यांचा रिपोर्ट बनतो. कोणती बस कुठल्या स्टॉपवर किती उशिरा पोचली, सगळं नकाशासकट. फाईल एकच, तिला हात लावणारे चौघं. दर वेळी सेव्ह केलं की आधीची आवृत्ती सर्व्हरवर जपून राहते आणि नव्या आवृत्तीपुढे एक नोट लिहायची असते.

आमची मंडळी त्या नोटमध्ये काय लिहीत असतील? त्या दिवशी ऑफिसात काय खाल्लं ते. 'पोहे'. 'कचोरी'. 'साबुदाणा, सरलाताईंची एकादशी'. मी इंदूरचीच, तरी माझं डोकंच फिरलं. मी बाणेदारपणे दर वेळी 'अपडेटेड' लिहीत राहिले. दोन महिन्यांत एकतीस वेळा.

प्रोबेशनचा शेवटचा दिवस आला. बारा वाजता आमचे मालक यशवर्धनजी शाळेच्या प्रिन्सिपल शशिकलाबाईंना रिपोर्ट दाखवणार होते. तो नीट चालला तर मी पक्की, नाही तर घरी. साडेदहाला फाईल उघडून बघते तर नकाशा पांढराफटक. बस नाही, रस्ता नाही, अख्खं इंदूर गायब. साफसफाईच्या नादात मी केव्हातरी फाईलमधलं स्टॉपच्या माहितीचं टेबल उडवलं होतं. केव्हा, ते देवाला ठाऊक.

एकेक जुनी आवृत्ती उघडायला पाच मिनिटं लागतात. मी तीन 'अपडेटेड' उघडल्या, तिन्ही पांढऱ्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या सरलाताईंनी खुर्ची ओढली. त्या इथल्या सगळ्यात जुन्या.

"रुक, शर्वरी. मी भुट्ट्याचा कीस आणला होता, याद आहे? मनीषने कीबोर्डवर सांडला होता."

"सरलाताई, इथे माझी नोकरी चालली आहे."

"वही तर सांगते. तो नकाशावर बडा गणपती स्टॉपची बस दाखवत होता, तभी सांडला. मतलब त्या दिवशी नकाशा चांगला होता."

यादीत आमच्या चौघांतल्या मनीषची नोट होती, 'भुट्ट्याचा कीस'. मी ती आवृत्ती परत आणली आणि ताजा डेटा भरला. एक बस उगवली, मग दुसरी, मग एकदम चाळीस. मी फिरत्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या आणि सरलाताईंचा गालगुच्चा घेतला. त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत.

नोटची चौकट समोर आली. 'अपडेटेड' लिहायची लाज वाटली. आज काय खाल्लं ते आठवू लागले, तर काहीच नाही. लिहिलं, 'उपाशी'.

रिपोर्ट झकास चालला. शेवटी शशिकलाबाईंनी विचारलं, "कुणी बिघडवला तर जुना परत मिळतो का?" यशवर्धनजींनी मोठ्या ऐटीत आवृत्त्यांची यादी भिंतीएवढ्या पडद्यावर उघडली. मी मान खाली घातली.

बाई चष्मा लावून मोठ्याने वाचू लागल्या. "कचोरी, पोहे... और ये अपडेटेड? कोई नया नमकीन है क्या? बहोत खाता तुम्ही."

मनीष हसू दाबायला टेबलाखाली गेला.

"आणि सगळ्यात वर, उपाशी. हे कोण?"

मी हात वर केला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. टेबल मीच उडवलं, एकतीस निरुपयोगी नोटाही माझ्याच, आणि आजचा रिपोर्ट किसाने वाचवला. बोलताना मला इतकं हसू येत होतं की भीती वाटायची राहूनच गेली.

यशवर्धनजींनी पडद्यावरची यादी बंद केली.

"मनीष, हिला खाली घेऊन जा, कुछ खिला दे," ते म्हणाले. "आणि शर्वरी, उद्यापासून उपाशीपोटी फाईलला हात लावायचा नाही."

मला त्यातला 'उद्यापासून' तेवढा ऐकू आला.