शालनचा प्रिंटर

“पप्पा, निळा दिवा लागलाय का?”

“लागलाय.”

“लुकलुकतोय, का नुसता लागलाय?”

“नुसता लागलाय. डोळे वटारून माझ्याकडंच बघाय लागलाय.”

फोनवर वर्षाराणी हसली नाही. ती पुण्यात तिच्या ऑफिसात होती आणि आवाज दाबून बोलत होती. “मग प्रिंटर चांगला हाय. कॉम्प्युटरवर काय दिसतंय ते सांगा.”

मी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आलो. आमच्यात कॉम्प्युटर बाहेर आणि प्रिंटर आत, शेजारच्या लालबीच्या घराला लागून असलेल्या भिंतीतल्या फळीवर. तो तिथंच ठेवायचा, असं माझ्या बायकोचं, शालनचं म्हणणं होतं. मी कधी का म्हणून विचारलं नव्हतं. पडद्यावर सकाळपासून तेच अक्षर होतं. प्रिंटर ऑफलाइन.

“ऑफलाइन म्हणतंय.”

“दोन्ही बंद करून परत चालू करा.”

“केलं की. सकाळपासनं तेच करतोय. आता परत दाबलं तर बटण हातात यील.”

“मग लेबलाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि बाहेरनं काढून आणा. कोपऱ्यावर झेरॉक्सवाला हाय की.”

“बाहेरनंच काढायचं असतं तर तुझ्या आईनं हे मशीन कशाला घेतलं असतं?”

ती म्हणाली, “मीटिंग हाय, पप्पा. जेवायच्या सुट्टीत फोन करते.”

शाहूपुरीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटार जळाली की लोक माझ्याकडं टाकतात. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. पुराच्या वर्षी शिरोळकडनं गाळानं भरलेल्या मोटारी टेम्पोनं यायच्या, त्या धुऊन, वाळवून मी चालू करून दिल्यात. जळालेल्या मोटारीला वास येतो. तार तुटली असली तर दिवा लावून बघता येतं, कुठं तुटली ते. या मशीनला वास नव्हता आणि तार तर नव्हतीच. हात कुठं लावायचा, तेच कळत नव्हतं.

खोक्यातली जोडायची वायर शोधून पाहिली. ती सापडली, पण कॉम्प्युटरपर्यंत पोचेना. आतल्या खोलीच्या दारातच संपली.

शालन दिवाळीच्या आधी गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. ती कांदा-लसणाची चटणी करून विकायची. लालबी आणि ती, दोघी मिळून. लालबी आमची शेजारीण, नवरा निसार टेम्पो चालवतो. मिरची आणायची, भाजायची, डंकाच्या गिरणीत बसून कांडून घ्यायची, हे लालबीकडं. पिशव्या भरायच्या, लेबल काढायचं, दुकानात माल लावायचा, हे शालनकडं. लेबलावर ‘शालन घरगुती चटणी’ असं लिहिलेलं. शाहूपुरीत विजयसिंह म्हणून किराणावाले आहेत, त्यांच्या दुकानात एक फळी तिची होती. गल्लीत तिला वर्षाची आई म्हणायचे, माझ्या दुकानात मिस्त्रींची मंडळी. तिचं नाव बाहेर कुठं लिहिलेलं असेल तर ते त्या फळीवर.

परवा विजयसिंह माझ्या दुकानात आले. बसले नाहीत. “बाळासो, वाईट वाटून घेऊ नका. उन्हाळा हाय, चटणीचा सीझन. फळी रिकामी ठेवून मला चालत न्हाय. दुसरी एक बाई विचारून गेलीय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत माल लावला तर तुमची फळी. न्हायतर तिला देतो. आणि लेबलाशिवाय आणू नका, तपासणीवाले येत्यात.”

आज गुरुवार होता.

चटणी तयार होती. आमच्यात दुःखाच्या वर्षी घरात चटणी करत नाहीत, शेजाऱ्यांनी द्यायची असते. लालबीनं दिली. नुसती माझ्या भाकरीपुरती नाही, दुकानाची सगळी केली. पण पिशव्या उंबऱ्यावर ठेवून, बाहेरनंच कडी वाजवून गेली. आत आली नाही. शालन असताना लालबीला आमच्या घरात यायला दार लागत नव्हतं, अशी ये-जा. आता सहा महिने झाले, आत पाऊल नाही. बाईमाणूस, मी घरात एकटा, बरोबरच आहे, असं मी धरून चाललो होतो.

दुपारी वर्षाराणीचा फोन आला. भाकरी खाता खाता बोलत होती.

“पप्पा, प्रिंटरवर छोटा पडदा हाय ना? त्यात वायफायची खूण दाबा. कुठल्या वायफायला लागलाय, ते नाव दिसंल.”

मी चष्मा लावला. इंग्रजी वाचता येतं मला, मोटारीच्या पाट्या वाचून वाचून. पण हे वाचून परत वाचलं.

“लालबी-शालन असं हाय.”

“काय?”

“लालबी-शालन. मधी रेघ.”

“असं कुठलं वायफाय? आपलं तर उन्मेषनं बसवलेलं, त्याला त्याचं नाव हाय.” उन्मेष म्हणजे तिचा नवरा. मग तिच्या ध्यानात आलं. “थांबा, थांबा. म्हणजे प्रिंटर एका वायफायवर हाय आणि कॉम्प्युटर दुसऱ्या. कसं बोलणार एकमेकाशी? ते जुनं असणार काहीतरी. सोपं हाय, पप्पा. ते नाव काढून टाका, आपलं नवीन घाला. दोन मिनिटांचं काम. नावावर बोट दाबून धरा.”

मी दाबून धरलं. पडद्यावर प्रश्न आला. ही जोडणी काढून टाकायची का? खाली होय आणि नाही.

“आलं का?”

“आलं.”

“होय म्हणा.”

मी बोट उचललं. मोटारीतली तार कापायच्या आधी ती कुठं जाते ते बघायचं, हे मला माझ्या उस्तादानं शिकवलेलं. ही तार कुठं जाते ते आता मला कळलं होतं. फळीच्या मागच्या भिंतीतनं पलीकडं जात होती.

“नंतर करतो,” म्हणालो.

“अहो पप्पा, पाच वाजता दुकानात जायचंय ना तुम्हाला?”

“जायचंय. जरा लालबीकडं जाऊन येतो.”

लालबी दारात लसूण सोलत बसली होती. मला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला, पण उठली नाही.

“लालबी, तुझ्या घरात वायफायचा डबा हाय?”

“हाय. आज आठवण झाली व्हय?”

“शालनचा प्रिंटर तुझ्या वायफायवर हाय.”

“माझ्या न्हवं. आम्हा दोघींच्या.”

“मला म्हाईत न्हवतं.”

“तुमच्या घरात काय चालायचं ते तुम्हाला कवा म्हाईत होतं, दाजी? सकाळी दुकानात, रात्री ताटावर.” पाकळी तिनं टोपलीत टाकली. “कंपनीचा माणूस म्हणाला, दोन घरं आरामात चालत्यात एकावर. भिंत एकच हाय. डबा माझ्याकडं बसवला, मशीन तिनं त्या भिंतीला ठेवलं. बिल एक महिना ती भरायची, एक महिना मी.”

मी पायरीवर बसलो. ती मला दाजी म्हणाली होती. शालनला ती बहीण मानायची, म्हणून मी दाजी. सहा महिन्यांत हा शब्द कानावर आला नव्हता.

“मग तू घरात येत का न्हाईस?”

“कशी यू?” ती आता माझ्याकडं बघून बोलली. “तिचं तेरावं व्हायचं होतं अजून. तुमच्या जावयानं माणूस आणला, भिंतीला भोक पाडलं, नवीन डबा बसवला. मी दारात उभी होते. माझ्यासमोर. कुणी एका शब्दानं म्हणालं न्हाय, लालबी, असं असं करतोय. मी म्हटलं, झालं. वेगळी निघाली ही माणसं.”

“आगं, पोरांनी बसवलं. रोज संध्याकाळी बापाचं तोंड दिसावं म्हणून. त्यांना तरी कुठं ठावं होतं तुमचं?”

“ते मला काय कळणार? आमच्यात धाकटा दीर असाच वेगळा निघाला. भांडला न्हाय, बोलला न्हाय. एक दिवस लाइटीचा मीटर वेगळा बसवून घेतला. आम्ही मीटर बघितला आणि समजून गेलो. आठ दिवसांत चूल वेगळी.”

तिची चूक काढायला मला जागा नव्हती. आमच्याकडंही माणसं अशीच वेगळी निघतात. आधी मीटर, मग नळ, मग चूल. तोंडानं कोण सांगतो?

“तरी पण चटणी केलीस माझी.”

“तुमची न्हाय केली. तिची केली.”

“आणि हे वायफाय बंद का न्हाय केलंस? एकटीच भरत बसलीस.”

“बंद केल्यावर तिचं मशीन पडलं असतं बंद. मग तुम्हीच म्हणाला असता, लालबीनं पाडलं.” तिनं टोपली बाजूला सरकवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. “बोला आता. काय पायजे?”

“त्याचा पासवर्ड पायजे. कॉम्प्युटर त्याच्यावर लावायचाय.”

“पासवर्ड मला कुठला ठावं? तिनं एकदा घातला, तवापासनं आपसूक लागतंय.”

मी परत वर्षाराणीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मावशीकडं द्या फोन.”

दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी पायरी उतरून बाजूला उभा राहिलो. लालबी नुसतं “हं, हं” करत होती. शेवटी म्हणाली, “तुझ्यावर कशाला रागवू, बाळ? तुझी आई गेलीती.” मग वर्षाराणीनं सांगितलं तसं आम्ही लालबीचा मोबाइल उघडला, वायफायच्या नावावर दाबलं, चौकोनी नक्षी आली आणि तिच्याखाली बारीक अक्षरात पासवर्ड आला. मी वाचला. जवारीमिरची, म्हणजे आमच्याकडची गावठी मिरची.

“दुसरं काय असणार तिच्या डोक्यात?” लालबी म्हणाली.

लालबी चप्पल घालून माझ्याबरोबर आली. उंबऱ्यावर थांबली, चपला काढल्या, आत आली. कॉम्प्युटरसमोर मी बसलो. नवं वायफाय सोडलं, जुनं धरलं, पासवर्ड घातला. गोल चक्र फिरत राहिलं. आत काहीतरी खरखरलं.

आम्ही दोघं आत धावलो. प्रिंटर कागद ओढत होता. पहिला कागद आला, त्यावर चार लेबलं, लाल रंगात. दुसरा आला. तिसरा आला. थांबेचना. सकाळपासून मी जितक्या वेळा प्रिंट दाबलं होतं, ते सगळं त्यानं जपून ठेवलं होतं आणि आता एकदम ओकत होता. कागद फळीवरनं खाली पडायला लागले. लालबी वाकून गोळा करत होती.

“दाजी, एवढी चटणी कुठनं आणू मी आता?”

“बंद कसं करायचं ते मला ठावं न्हाय.”

“मग राहू दे. संपला कागद की थांबंल.”

ती तिथंच फरशीवर बसली. कात्री मागून घेतली. मी पिशव्या आणल्या. ती कापायची, मी चिकटवायचो. माझं पहिलं लेबल तिरकं लागलं. तिनं ते बघितलं आणि पिशवी माझ्या हातातनं घेतली, कात्री माझ्याकडं दिली. मग मी कापायला लागलो. अधूनमधून एखादं लेबल ती हातात धरून बघायची, अंगठ्यानं नावावरनं हात फिरवायची आणि लावायची.

मी मध्येच म्हणालो, “पुढच्या वेळी तुझं पण नाव घालू खाली.”

“तेवढं नको. निसार म्हणंल, माझी बायको दुकानात विकायला ठेवलीय.”

पाचाच्या आधी मी शाहूपुरीत पोचलो. विजयसिंहांनी एक पिशवी हातात घेऊन लेबल बघितलं, तारीख बघितली, मान हलवली. फळी रिकामीच होती. पुसलेली होती. मी स्वतः पिशव्या लावल्या, नावं पुढं येतील अशा.

लावून होत नाहीत तोवर एक म्हातारी बाई आली. हातात दुधाची किटली होती. फळीकडं बघून म्हणाली, “आली व्हय शेवटी? मला वाटलं, बंद केली.” तिनं एक पिशवी काढली, उलटीपालटी करून बघितली. मग मला दुकानातला माणूस समजून म्हणाली, “ती शालन कोण हाय, तिला माझा निरोप सांगा. गेल्या खेपेला मीठ जरा जास्त झालतं. बाकी चटणी झ्याक.”

विजयसिंह माझ्याकडं बघायला लागले. काहीतरी बोलणार होते.

“सांगतो,” मी म्हणालो.

ती पिशवी घेऊन गेली. मी पण निघालो. घरी आलो तेव्हा लालबी तिच्या दारात उरलेला लसूण सोलत होती. तिन्हीसांजेची वेळ, दिवा अजून लावायचा होता.

“लागला माल?”

“लागला. एक पिशवी माझ्यादेखत गेली.” मी कुलपाला किल्ली लावली. “एक म्हातारी म्हणत होती, गेल्या खेपेला मीठ जास्त झालतं. शालनला सांगा म्हणाली.”

लालबीचे हात थांबले. तिनं खाली टोपलीत बघितलं. मला वाटलं, आता रडेल. पण ती विचार करत होती.

“पुढच्या खेपेला कमी घालू,” ती म्हणाली.