नदीकाठचं घर, आत कोणी राहत नाही

'युद्धापूर्वीची देखणी इमारत, ऐन नदीकाठी, उंच छत, शहरातली प्रतिष्ठित वस्ती,' असं दलालाने जाहिरातीत लिहिलं होतं. कुठल्या युद्धापूर्वीची, ते लिहिलं नव्हतं. आमच्या घरातलं युद्ध तर तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, आणि मी पहिल्याच दिवशी शस्त्रं खाली ठेवली होती.

घर दादाच्या नावावर. वडिलांनीच तसं करून ठेवलं, कारण मी लग्न होऊन जाणार हे ते धरूनच चालले होते. मी गेले नाही. आईला अर्धांगवायू झाला आणि तिच्यापाशी कोणीतरी राहायला हवं होतं. दादाला नोकरी होती, वहिनीला कंबर होती. मी आपली रिकामीच होते, म्हणजे शाळेतली नोकरी सोडल्यावर झाले. आईला भरवणं, कुशीवर वळवणं, तिची चादर दिवसातून कितीदा बदलणं, हे सगळं त्या नदीकडच्या सुंदर खोलीत चालायचं. एकदा आई दादासमोर अडखळत म्हणाली होती, "ही इथंच राहील." दादाने तिचा हात हातात घेतला आणि "हो, आई," म्हणाला. आई गेली आणि ते 'हो'ही तिच्याबरोबर गेलं.

"एवढ्या मोठ्या घरात तू एकटी काय करणार?" तो मला म्हणाला. "विकून टाकू. तुला इथंच जवळपास छोटीशी जागा घेऊन देतो. माझा शब्द आहे."

डोकं टेकायला मला दुसरी जागा नव्हती, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि खरं सांगते, तो माझा दादा होता. मी विश्वास ठेवलाही.

मग दलाल आला. दलाल म्हटलेलं त्याला आवडत नाही, म्हणून मी मुद्दाम म्हणते. जिभेवर खडीसाखर ठेवून बोलणारा माणूस. त्याच्याबरोबर घर सजवणारी एक बाई होती. तिने आईची खुर्ची, माझी पुस्तकं, भिंतीवरचे फोटो, सगळं खोक्यांत भरून तळघरात पाठवलं आणि भाड्याचा पांढरा सोफा आणला. ओट्यावर काचेच्या भांड्यात लिंबं मांडली. त्या लिंबांना हात लावायचा नाही, अशी मला ताकीद होती.

"घरात माणूस राहतो असं दिसता कामा नये," दलालाने समजावलं. "माणूस दिसला की गिऱ्हाईकाच्या मनात पहिली शंका येते, हा इथून उठेल ना?"

म्हणून कोणी घर बघायला येणार असलं की मी स्वतःला आवरून ठेवायची. दात घासायचा ब्रश, गाऊन, गुडघ्याचं तेल, औषधांचा डबा, सगळं कपडे धुण्याच्या मशीनमध्ये कोंबून वर झाकण लावायचं आणि नदीकाठच्या बाकावर जाऊन बसायचं. वरती आमच्या खिडकीत अनोळखी माणसं उभी राहून नदीकडे बोट दाखवायची. काही जण माझ्याकडेही बघायचे, बाकावर बसलेल्या कुठल्याही बाईकडे बघतात तसं.

एकदा एक जोडपं ठरल्यापेक्षा लवकर आलं. मी स्वयंपाकघरात सापडले, हातात फडकं. दलालाची पापणीही लवली नाही. "या घर सांभाळतात," तो म्हणाला.

मी मान हलवली. त्यात खोटं काय होतं? घर मीच तर सांभाळत होते! शिवाय मध्येच खरं बोलून सौदा मोडला, तर माझी छोटी जागाही गेली असती. त्या जोडप्यातल्या बाईंना मी नदीकडची अडून बसणारी खिडकी उघडून दाखवली. पावसाळी हवेत ती फुगते, जरा वर उचलून मग ओढावी लागते. बाई खूश झाल्या. मीही खूश झाले, हे सांगायला आता लाज वाटते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या खेपेला व्यवहार पक्का करायला सगळे जमले. ते जोडपं, दलाल, दादा आणि वहिनी. दादा सोफ्यावर मागे रेलून बसला होता. बाई म्हणाल्या, "घर आम्हाला पसंत आहे. फक्त एक अट आहे."

दलालाने उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

"या बाई आम्हाला हव्यात. यांना घराची खोड न् खोड माहीत आहे. स्वयंपाकघरामागे ती छोटी खोली आहेच की. पूर्वी नोकरमाणसांसाठीच बांधायचे ना?"

त्या खोलीत आम्ही तुटक्या छत्र्या ठेवायचो. मी दादाकडे पाहिलं. आता हा हसणार आणि म्हणणार, अहो, भलतंच काय, ही माझी धाकटी बहीण. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो वहिनीच्या तोंडाकडे बघत होता.

"तसं झालं तर बरंच होईल," तो म्हणाला. "तिच्याही राहण्याचा प्रश्न सुटेल."

"मग ती दुसरी जागा बघायला नको," वहिनी हळूच म्हणाली. हळू म्हणजे मला ऐकू येईल इतकं.

छोटी जागा गेली, हे मला कळलं. आणखीही काहीतरी जात होतं, आणि ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

"मी यांची बहीण आहे," मी मोठ्याने म्हणाले. "धाकटी बहीण."

दलालाने खिशातला रुमाल काढला. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम विरघळला.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अशी माया हल्ली राहिलीय कुठे? माझ्या माहेरी स्वयंपाकाला मावशी होत्या, त्याही शेवटपर्यंत मला लेक म्हणायच्या."

माझं बोलून झालं होतं. आता बोलायचं ते दादाने. त्याने पँटवरची नसलेली धूळ झटकली.

"हो ना," तो म्हणाला. "आम्ही हिला कधी परकं मानलंच नाही."

बाईंनी समाधानाने मान डोलावली. मग दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "चहा टाकतेस ना सगळ्यांना?"

"माझा बिनसाखरेचा," वहिनी म्हणाली.

मी आत गेले आणि चहा टाकला. तिचा बिनसाखरेचा वेगळा केला. कप भरताना लक्षात आलं, सगळ्यांचे मांडले होते, माझा नव्हता. तेव्हा मला दादापेक्षा माझ्या या हातांचा जास्त राग आला.