डॉक्टरांच्या रागाला गुण

१९७४ साली सांगलीतल्या आमच्या मनोविकारांच्या दवाखान्यात डॉक्टर मगदुमांच्याच मनाची मोजणी सुरू झाली. पुण्याच्या कुणा संशोधकांनी छापील तक्ते पाठवले होते. धास्तीनं आजारी पडलेला पेशंट उठून गेला की त्याला बघताना आपल्याला काय वाटलं, ते डॉक्टरांनी लिहायचं. राग, कंटाळा, कीव, समाधान. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. पेशंटला काय वाटलं, हा रकाना छापायचा राहून गेला असावा.

पलूसच्या चंद्राबाईंचा मुलगा फौजेत होता. त्याचं पत्र लांबलं की त्यांच्या छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे. दर गुरुवारी येऊन त्या तेच सांगायच्या. त्या गेल्या की साहेब राग तीन, कंटाळा चार असं लिहायचे. तक्ते पाकिटात घालायचं काम माझं, म्हणजे कंपाउंडरचं. वाचून माझं डोकं फिरायचं. एका गुरुवारी मी बाकावरच्या सगळ्यांना सांगून टाकलं, की आत तुमची नव्हे, साहेबांची परीक्षा चाललीय; तुम्हाला बघून त्यांना किती राग येतो, त्याचे गुण पुण्याला जातात.

मला वाटलं, माणसं चिडतील. पण ही जात्याच धास्तावलेली माणसं. त्यांना साहेबांचीच काळजी लागली. आपल्यापायी भला माणूस नापास व्हायला नको, असं बाकावर ठरलं. पुढच्या गुरुवारी कुणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या, कुणी काकवी. आत गेल्यावर सगळ्यांचं उत्तर एकच, लय बरं हाय. चंद्राबाईंनीही थरथरणारे हात पदराखाली दाबून तेच सांगितलं. साहेबांनी समाधान चार लिहिलं आणि चंद्राबाईंच्या गोळ्या बंद केल्या.

महिन्याभरात पुण्याहून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी पेढे आणवले. त्याच दिवशी चंद्राबाई बाकावर येऊन बसल्या होत्या, ओठ पांढरे, पदर घामानं भिजलेला. सहा रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणे. आत चला म्हटलं तर उठेनात.

"मावशी, चूक माझी हाय. आत जाऊन खरं सांगा," मी म्हणालो.

"नगं दादासो. त्यांचा राग आत्ता कुठं उतरलाय. मला बघून पुन्यांदा चढला तर?"

मला स्वतःचीच लाज वाटली. मी आत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. हातातला पेढा तसाच ठेवून ते बाहेर आले, चंद्राबाईंशेजारी बाकावर बसले आणि झोप लागते का, असं हळूच विचारलं.

चंद्राबाईंनी आधी त्यांचा चेहरा नीट निरखला.

"लागती की," त्या म्हणाल्या. "तुमी जेवलासा का, सायेब?"