गळ्याचा भाग माझ्याकडे

किनवटजवळच्या एका गावात शिवणवर्ग भरतो. तिथल्या फळीवर, चार्जर लावूनच ठेवलेला एक जुना फोन दिसेल. मित्रांनो, तो मी. माझी निम्मी काच काळी पडली आहे. शिवण शिकवणाऱ्या सत्यशीलाबाई पूर्वी मला पदराने पुसत. मग वर्गात शिकणाऱ्या दामिनीचा नवा फोन आला आणि मी फळीवर गेलो.

गावात टॉवर नीट लागत नाही. म्हणून बाईंनी ब्लाऊज शिवण्याचा व्हिडिओ किनवटहून आणला आणि त्याचे भाग वर्गातल्या आम्हा फोनांत वाटून ठेवले. हवा तो भाग शेजारच्या फोनकडून थेट मागून घ्यायचा. मापाचा पहिला भाग दामिनीच्या फोनला मिळाला. मला आणि आणखी दोघांना शेवटचा, गळ्याच्या पट्टीचा.

पहिला भाग सगळ्या मागत. शेवटापर्यंत कोणी थांबतच नसे. स्वयंपाकाची वेळ होई. दामिनीचा फोन वाटून वाटून तापायचा अन् मी थंडगार. "किती झटपट देतंय बाई!" बायका त्याचं कौतुक करत आणि मी जळत बसे. त्याची बॅटरी फुगावी, असंही मनात येई.

एकदा दामिनी म्हणाली, "बाई, त्या डबड्यातला शेवट पुसून टाका की. कुणी बघून नाही राहिलं. तिथंबी पहिलाच ठेवा, मंजी लवकर मिळंल."

"हाव, खरं हाय," म्हणत बाईंनी मला उचललं. पहिला भाग, आणि मला! मी हरखलो.

तेवढ्यात पंचफुलाबाई दारात आली. हातात बिनगळ्याचा ब्लाऊज. उद्या तिच्या लेकीचा, अयोध्याचा साखरपुडा.

"बाई, गळा दाखवा की! कापड एवढंच हाय. कातर चुकली तर पोरगी घालंल काय?"

दामिनीने ऐटीत आपला फोन पुढे केला. त्याच्यावर गोल चक्र फिरू लागलं. शेवट ज्या दोघांकडे होता, त्यांनी जागा करायला तो केव्हाच पुसला होता. अखेर दामिनीचा फोन माझ्याकडे मागायला आला.

बाईंचं बोट पुसायच्या खुणेवर होतं. त्यांनी ते झटकन मागे घेतलं.

मी भाग दिला. खोटं कशाला बोलू? त्याचं चक्र आधी सगळ्यांसमोर जरा फिरू दिलं.

"दामिने, तुझा राजा लई दमला गं!" पंचफुलाबाई हसली. मग तिरपी पट्टी दिसली आणि मशीन खडखडू लागलं.

साखरपुड्याचे फोटो नव्या फोननेच काढले. मला कोणी दाखवलेही नाहीत. हेवा अजून जात नाही.

मित्रांनो, रोज लागणाऱ्या गोष्टी चार ठिकाणी ठेवा. पण क्वचित लागणारी गोष्ट एका तरी ठिकाणी राहू द्या, आणि तिला सांभाळणाऱ्यावर अधूनमधून हात फिरवा. बाईंनी माझ्या पाठीवर कागद चिकटवला आहे : 'गळा. पुसू नये.'

दामिनीच्या फोनच्या पाठीवर असं काही लिहिलेलं नाही. मी रोज बघतो.