फाटकापर्यंत

"काका, आत घेऊ का इथंच थांबवू?" चर्चच्या फाटकाशी रिक्षा हळू करत रिक्षावाल्याने विचारलं.

शांतवन रणपिसे फाटकातून आत पाहत राहिले. ईस्टरची सकाळ होती. आवारात मंडळी जमली होती. हडपसरच्या आयटी कंपन्यांत लागलेली मुलं नव्या गाड्यांतून आईवडिलांना उतरवून घेत होती. कमिटीचे सभासद पायऱ्यांवरच उभे होते. रिक्षात शेजारी बसलेली त्यांची बायको ललिता पांढऱ्या साडीचा पदर सारखा करत कुणाशी तरी पुटपुटत होती. मध्येच ती मोठ्याने हसली. फाटकाजवळच्या दोघीतिघींनी वळून पाहिलं.

"परत घ्या हो," शांतवनराव म्हणाले.

"परत? आत्ता तर आलो, काका."

"घ्या म्हटलं ना."

रिक्षा वळली तशी ललिताने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. तिने विचारलं, "लोक फार आहेत का हो?"

"फार आहेत."

"मग राहू दे," ती त्यांनाच समजावल्यासारखी म्हणाली. "तुम्हाला त्रास होतो."

शांतवनराव एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिल्यावर त्यांना मानाची अशी एकच जागा उरली होती. दर रविवारी उपासनेत बायबलचं शास्त्रवाचन तेच करत. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. "वाचावं तर रणपिशांनी," असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला शांतवनराव उपासनेनंतर पायऱ्यांवर थोडे रेंगाळत.

त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणीच तापाने गेली. त्यानंतर ललिताला आवाज ऐकू येऊ लागले. एका नाताळाला उपदेश चालू असताना ती उठून उभी राहिली आणि बाकाबाकावर वाकून विचारू लागली, "माझी पोर पाहिली का कुणी?" पाळकसाहेब बोलता बोलता थांबले. शांतवनरावांनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं. दारापर्यंत जाताना सगळ्या चर्चची नजर पाठीत रुतल्यासारखी त्यांना वाटली.

पुढे त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. लोक मनात काय म्हणत असतील, ते मात्र शांतवनराव रोज स्वतःच ठरवत राहिले. डॉक्टरांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयात दाखवा म्हणून सांगितलं, पण तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर, या भीतीने ते गेले नाहीत. चर्चमध्ये कुणी विचारलंच तर "तिला संधिवात आहे" म्हणत. पाळकसाहेब म्हणाले, "मी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घरी घेऊन येतो." त्यावर "घराला रंग काढलाय," असं सांगून त्यांनी ते टाळलं. रविवारी निघताना ते दाराला बाहेरून कुलूप घालत.

शनिवारी संध्याकाळी ते दुसऱ्या दिवशीचा उतारा मोठ्याने वाचून पाहत. ललिता हात जोडून ऐकत बसे. एकदा कबरांमध्ये राहणाऱ्या आणि प्रभूने बऱ्या केलेल्या वेड्या माणसाचा उतारा होता.

"प्रभूने त्याला घरी जा म्हटलं," ती म्हणाली. "घरच्यांनी दार उघडलं का हो?"

"ते लिहिलेलं नाही."

"असं," म्हणून ती बराच वेळ पुस्तकाकडे पाहत राहिली.

त्या ईस्टरनंतरच्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

अंत्यविधीला चारदोन माणसं येतील अशी शांतवनरावांची अटकळ होती. चर्च भरून गेलं. दफनभूमीत माती देऊन झाल्यावर मुक्ताई त्यांच्याजवळ आली. संडेस्कूलमध्ये शांतवनरावांना गीतं शिकवलेली ती बाई आता काठीच्या आधाराने चालत होती.

"शांतवन, आम्हाला ठाऊक होतं रे."

"कधीपासून?"

"त्या नाताळापासून. डोळे आहेत ना आम्हाला." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "एका रविवारी मला बरं नव्हतं, उपासनेला गेले नाही. तुम्ही सगळे चर्चमध्येच होतात तेवढ्यात जरा बरं वाटलं, तशी ललिताकडे आले. बाहेरून कुलूप. आत ती गात होती. मी पायरीवर बसले आणि बाहेरून गायले. आवाज ओळखला तिने. म्हणाली, मुक्ताई, खालच्या पट्टीत घ्या. खूप दिवसांनी हसले मी. मग पुढच्याही रविवारी उपासना सोडून आले."

शांतवनराव हाताची माती पुसत राहिले. "मला का नाही बोललात?"

"तुला काय वाटेल, म्हणून. तू एवढा जपत होतास. आम्ही सगळे तुलाच भ्यायलो बाबा."

"ईस्टरला मी तिला फाटकापर्यंत आणलं होतं, मुक्ताई."

"पाहिलं मी," ती म्हणाली. "पांढऱ्या साडीत छान दिसत होती."

पुढच्या रविवारी पाळकसाहेब चर्चच्या दारातच त्यांना म्हणाले, "आज दुसऱ्या कुणाला वाचायला सांगू का?"

"नको. मी वाचतो."

शांतवनरावांनी उतारा काढला. पहिलं वचन नीट गेलं. दुसऱ्यात आवाज फाटला, शब्द चुकला, तो त्यांनी पुन्हा वाचला आणि पुन्हा चुकला. डोळ्यांतलं पाणी चष्म्याखालून गालावर उतरलं. पुढच्या बाकावरचं एक लेकरू आईला मोठ्याने म्हणालं, "आजोबा रडतात." आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

शांतवनरावांनी मान वर केली. सगळं चर्च त्यांच्याकडे पाहत होतं. त्यांनी पाहू दिलं. मग बोट ओळीवर ठेवून ते हळूहळू पुढे वाचू लागले.